सिनसिनाटीचा ऑर्डोव्हिशियन समुद्र: आधी ट्रॅमेल, मग सीझर क्रीक

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीजवळ जीवाश्म बघायला जाणार असाल, तर एका जागेवर समाधान मानू नका. शॅरनव्हिलचं ट्रॅमेल फॉसिल पार्क आधी करा आणि त्यानंतर वेन्सव्हिलजवळचं सीझर क्रीक धरण. हा क्रम महत्त्वाचा आहे. दोन्हीकडचे खडक एकाच प्राचीन समुद्राच्या तळाचे, काळही ढोबळमानाने तोच, म्हणजे सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा ऑर्डोव्हिशियन कालखंड. पण ट्रॅमेलचे थर जुने आहेत आणि सीझर क्रीकचे त्यांच्यानंतरचे. या दोहोंच्या मधे त्या समुद्रात बाहेरून मोठ्या संख्येने नवे प्राणी शिरले. भूवैज्ञानिक याला रिचमंडियन आक्रमण म्हणतात.

मला इथे ओढून आणलं ते पुराजीवशास्त्रज्ञ ॲलिशिया स्टिगल यांच्या संशोधनाने. ओहायो विद्यापीठात असताना त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इथल्या ब्रॅकिओपॉडांचा, म्हणजे दोन शिंपल्यांच्या पण शिंपल्याच्या कुळातल्या नसलेल्या प्राण्यांचा, बारकाईने अभ्यास केला. कोणती जात किती खोल पाण्यात, कशा तळावर राहत होती आणि पाहुणे आल्यावर तिचं काय झालं, हे त्यांनी थरांवरून मांडलं. त्यातून दिसलं ते असं: ठरावीक परिस्थितीतच जगणाऱ्या जाती जास्त प्रमाणात संपल्या, कुठेही निभावून नेणाऱ्या टिकल्या, पण त्यांनाही आपला वावर पूर्वीपेक्षा आखूड करावा लागला. आजच्या परक्या जातींच्या प्रश्नाकडे बघायला याहून लांब पल्ल्याची नोंद मिळणं अवघड. म्हणून ती दगडात स्वतः बघायची होती.

ट्रॅमेल म्हणजे औद्योगिक वसाहतीला लागून असलेला सुमारे १० एकरांचा उघडा उतार. २००३मध्ये आर. एल. ट्रॅमेल यांनी ही जागा दान दिली. प्रवेश मोफत, आणि सापडलेले जीवाश्म स्वतःसाठी नेता येतात. उतारावर थरांची नावं सांगणारे फलक आहेत: फेअरव्ह्यू, मियामीटाउन, बेलव्ह्यू, कॉरीव्हिल. तळापासून सुरुवात करून वर चढत जा, म्हणजे काळाच्या क्रमाने जाल. सगळ्यात जास्त दिसतात ब्रायोझोआ, म्हणजे वसाहत करून राहणारे बारीक समुद्री जीव, फांद्यांच्या तुकड्यांसारखे. भिंग लावलं की त्यांच्यावरची बारीक छिद्रं दिसतात, प्रत्येक छिद्रात एक जीव राहत होता. त्यांच्यात मिसळून दोन ब्रॅकिओपॉड: सपाट, पातळ राफिनेस्क्विना आणि वरच्या थरांत जाडजूड, पन्हाळ्या असलेले विनलँडोस्ट्रोफिया. मियामीटाउनच्या चिखलदगडात मात्र चित्र पालटतं, तिथे शिंपले आणि गोगलगायी वाढतात. तळ मऊ चिखलाचा झाला की पाणी गाळून खाणाऱ्यांची अडचण होते आणि चिखलात वावरणाऱ्यांचं फावतं. हा बदल चार पावलांच्या चढात बघायला मिळतो, तिथे घाई करू नका.

एक विनंती. देखणा, सुटा, अखंड नमुना शोधण्यापेक्षा दुसऱ्याच्या अंगावर वाढलेले जीव शोधा. ब्रॅकिओपॉडाच्या पाठीवर पसरलेले ब्रायोझोआ, त्यात पोखरलेली गोल छिद्रं, आणि कॉर्न्युलाइटिस या नामशेष प्राण्याच्या बारीक निमुळत्या नळ्या. या नळ्यांची तोंडं पुष्कळदा ब्रॅकिओपॉडाच्या कवचाच्या मिटणाऱ्या कडेकडे वळलेली असतात, कारण ब्रॅकिओपॉड अन्नासाठी जो पाण्याचा प्रवाह ओढतो त्यातला वाटा त्यांनाही हवा होता. म्हणजे नळी वाढत असताना खालचा प्राणी जिवंत होता! कुणाच्या शेजारी कोण राहत होतं हे इतकं उघडपणे सांगणारे जीवाश्म फार थोड्या ठिकाणी मिळतात. असे तुकडे घासून स्वच्छ करायला जाऊ नका. साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. व्हिनेगर तर अजिबात नको. कवचं कॅल्साइटची आहेत, ती विरघळतात.

तिथून सीझर क्रीकला गाडीने पाऊण तासाच्या आसपास लागतो. धरण अमेरिकन लष्कराच्या अभियंता दलाने बांधलेलं, आणि त्याच्या सांडव्यासाठी खडक कापल्यामुळे थर उघडे पडले आहेत. आधी त्यांच्या माहिती केंद्रात जाऊन परवाना घ्यायचा. तो मोफत असतो, पण त्याशिवाय काहीही उचलू नका. केंद्राच्या वेळा निघण्याआधी तपासा. नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत: हातोडी, छिन्नी, कुठलंही हत्यार चालत नाही, तळहातापेक्षा मोठा जीवाश्म न्यायचा नाही, विक्रीसाठी तर मुळीच नाही. हत्यारांची गरजही पडत नाही. पावसाने मऊ चिखलदगड धुऊन जातो आणि चुनखडकाच्या फरश्या व सुटी कवचं वर येतात.

ट्रॅमेल बघून आलेल्या नजरेला इथे पहिला फरक जाणवतो तो शिंगाच्या आकाराच्या प्रवाळांचा. ग्रुइंगकिया हे त्यांचं नाव, आणि ते त्या पाहुण्यांपैकी एक. ठसठशीत घड्यांचे, फुगीर रिंकोनेलिड ब्रॅकिओपॉडही तसेच बाहेरून आलेले. त्यांच्याबरोबर जुने रहिवासीही भेटतात, राफिनेस्क्विना अजून आहेच. एकाच फरशीवर दोघांना शेजारी बघितलं तेव्हा वाचलेले आलेख एकदम जिवंत झाले. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ बसून होते.

फरशांवर कवचांचा चुराडा दिसेल, तो वादळांचा. हा भाग तेव्हा विषुववृत्ताच्या दक्षिणेला उथळ, उबदार समुद्राखाली होता. वादळं तळ घुसळून कवचं एकत्र लोटत आणि वर चिखलाचा थर बसे. फ्लेक्सिकॅलिमीन नावाचे छोटे ट्रायलोबाइट, म्हणजे खंडांच्या कवचाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी, अंगाची गुंडाळी केलेल्या अवस्थेत सापडतात, ते अशाच चिखलात जिवंत गाडले गेलेले. आयसोटेलस हाही ट्रायलोबाइटच, ओहायोचा १९८५पासूनचा राज्य-जीवाश्म. त्याचे तुकडे सहज दिसतात, अखंड मिळणं दुर्मिळ. अखंड बघायचाच असेल तर संग्रहालय गाठा.

सांडव्यात सावली नाही. टोपी आणि भरपूर पाणी हवंच, गुडघ्याखाली घ्यायला जाड काहीतरी ठेवा. पाऊस पडून गेल्यावर नमुने चांगले दिसतात, पण ओला चिखलदगड भयंकर निसरडा होतो. पकड असलेले बूट घाला आणि उभ्या कापाच्या पायथ्याशी बसू नका, वरून दगड सुटतात. सकाळी किंवा संध्याकाळी या, तिरप्या उन्हात कवचांच्या रेषा उठून दिसतात. दहापट भिंग गळ्यातच असू द्या.

नावं जुळवायला ‘ऑर्डोव्हिशियन ॲटलास’ हे स्टिगल यांच्या चमूचं मोफत संकेतस्थळ उत्तम आहे, छायाचित्रं आणि जातींचं वर्णन दोन्ही मिळतं. आणि प्रत्येक पिशवीत जागा, थर आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी त्याच क्षणी टाका. दोन्ही ठिकाणचे नमुने मिसळले तर आधी-नंतरची तुलनाच हातची जाते. काही वेगळं सापडलं तर सिनसिनाटीत ‘ड्राय ड्रेजर्स’ नावाचा हौशी संग्राहकांचा गट आहे, १९४२पासूनचा. त्यांच्या सभांना पाहुणे येऊ शकतात, आणि तिथल्या जाणत्या मंडळींना दाखवलं तर तो नमुना संशोधकांपर्यंत पोहोचू शकतो.