स्टोरेज फुल

परवा दुपारी फोनने हात टेकले. म्हणजे 'स्टोरेज फुल' असं तो कित्येक महिने ओरडतच होता आणि मी दर वेळी 'नंतर' दाबत होतो, पण परवा कॅमेराच सुरू होईना आणि रात्री नऊच्या आत एका ऑडिशनची सेल्फ-टेप (म्हणजे घरीच स्वतः शूट केलेली ऑडिशन) पाठवायची होती, मग काय, बसलो डिलीट करत. गुड मॉर्निंगची फुलं गेली, कुठल्यातरी लग्नातले एकसारखे दिसणारे साठेक व्हिडिओ गेले, स्क्रीनशॉट गेले (मी कशाकशाचे स्क्रीनशॉट काढून ठेवतो हा वेगळा विषय आहे) आणि मग तळाशी तो फोल्डर आला. ऑडिशन. आत २१४ क्लिप.

एकेका ऑडिशनचे चार-पाच टेक असतात म्हणून आकडा एवढा दिसतो, अशी मीच माझी समजूत काढली. त्यातून मिळालेली कामं ३. तिसऱ्यात माझा फक्त हात दिसतो. हात चांगला आलाय.

खरं तर जुन्या टेप बघायच्या नसतात, सरळ सगळ्या सिलेक्ट करून उडवायच्या असतात. पण तसं कोण करतं? एक उघडली. चार वर्षांपूर्वीची. मी भिंतीला चिकटून उभा, म्हणजे मागे माझ्याच सावलीचा एक जाडा भाऊ उभा आहे, अंगात बारीक रेघांचा शर्ट जो कॅमेऱ्यात मुंग्या सोडल्यासारखा वळवळतो, आणि मी नाव, वय, उंची असं पोलीस चौकीत सांगावं तसं सांगतोय. मग डावीकडे वळून प्रोफाईल, उजवीकडे वळून प्रोफाईल. माझं डावं प्रोफाईल मला कधीच आवडलेलं नाही. त्या बाजूला नाक दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.

यावर एक जुना प्रयोग आहे, १९७७ सालचा. लोकांना स्वतःचेच दोन फोटो दाखवले, एक सरळ आणि एक आरशात दिसतो तसा उलटा, तर जास्त जणांना स्वतःचा उलटा फोटो आवडला आणि त्यांच्या जवळच्या माणसांना मात्र सरळ. ज्याला जे रोज दिसतं ते त्याला बरं वाटतं, एवढंच. फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात आपण आरशासारखे दिसतो, अँगल बिंगल सगळं झकास जमलेलं असतं, आणि सेव्ह झाल्यावर भांग इकडचा तिकडे जातो आणि वाटतं हा कोण. म्हणजे मला सवयीचा जो माझा चेहरा आहे तो जगात फक्त मीच बघितलाय. कास्टिंगवाल्यांकडे कायम तो दुसराच जातो. मी या माहितीचा उपयोग असा करतो की काम मिळालं नाही की म्हणतो, त्यांनी मला बघितलंच कुठे.

आवाजाचंही तेच. आपला आवाज आपल्याला हाडांतूनही ऐकू येतो म्हणून आतून भारदस्त वाटतो आणि रेकॉर्डिंगमध्ये कुणीतरी पातळ केल्यासारखा. त्यामुळे टेप बघताना मी निम्मा वेळ कान आक्रसूनच बसतो. पण परवा झालं असं की माझ्या आवाजाकडे लक्षच जाईना, कारण दुसरा आवाज ऐकू यायला लागला.

"काल रात्री तू कुठे होतास."

प्रश्नचिन्ह नाही. चढउतार नाही. वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक वाचावा तसा तो संवाद. माझी आई.

पुढची उघडली, त्यातही आई. त्याच्या पुढचीत पण. जवळजवळ सगळ्याच टेपमध्ये ती आहे. सेल्फ-टेपमध्ये समोरच्या पात्राचे संवाद कुणीतरी कॅमेऱ्याच्या बाजूला बसून वाचायचे असतात, त्याला रीडर म्हणतात, आणि माझा रीडर म्हणजे आई, कारण घरात दुसरं कोण रिकामं असतं (ती पण नसते, पण येते). ट्रायपॉडच्या उजव्या हाताला स्टूल, स्टुलावर दोन उशा, म्हणजे तिचे डोळे बरोब्बर लेन्सच्या उंचीला येतात, आयलाईन, म्हणजे माझ्या नजरेची दिशा, चुकत नाही. गेल्या काही वर्षांत तिने मला निदान डझनभर वेळा अटक केली, दोनदा घटस्फोट मागितला, एकदा माझं अपहरण करून खंडणी मागितली, ती पण इतक्या हळू की मला खंडणीचा आकडा दोनदा विचारावा लागला. प्रेमाचे सीन तर विचारूच नका. "मी तुझ्याशिवाय जगू शकत नाही कंसात डोळ्यात पाणी." कंसातलं वाचायचं नसतं हे मी तिला शंभरदा सांगितलंय. ती म्हणते लिहिलंय ना, मग लिहिलंय ते वाचणार. आणि मी तिच्या कपाळाकडे बघत, त्या कपाळावर माझी प्रेयसी आहे असं समजून, डोळ्यात पाणी आणायचं.

गंमत म्हणजे जाणकार सांगतात रीडरने असंच सपाट वाचावं. त्याने अभिनय करायला घेतला की बघणाऱ्याचं लक्ष तिकडे जातं. त्या हिशोबाने आई जागतिक दर्जाची आहे.

मोठमोठ्या ऑर्केस्ट्रांमध्ये वादक निवडताना मधे पडदा लावतात हे मी कुठेतरी वाचलं होतं, अमेरिकेत १९७० आणि ८० च्या दशकांत हे बरंच रुळलं, वाजवणारा पुरुष आहे का बाई ते कळू नये म्हणून, आणि बुटांच्या आवाजावरूनही कळतं असं लक्षात आल्यावर कुठे कुठे खाली गालिचाही टाकायला लागले. मला तेव्हा फार हेवा वाटला होता. नुसतं वाजवायचं आणि घरी जायचं, नाकाचा प्रश्नच नाही. आमच्याकडे पडद्यामागे फक्त आई असते आणि तिला कुणीच निवडत नाही.

बाकी हे वाचायचं काम तिच्याकडे आजचं नाही. शाळेत असताना पाठांतर तीच घ्यायची. मी हात मागे बांधून उभा, तिच्या मांडीवर पुस्तक, आणि तिचं बोट ओळीखालून सरकत चाललेलं. मी अडलो की बोट थांबायचं. बोलायची नाही. मित्राची आई पहिला शब्द सांगून टाकायची, कधी कधी अख्खी ओळ, आणि हिचं म्हणजे बोट थांबलेलं आणि चेहरा असा की हिला आज कुठेही जायचं नाहीये. कितीही वेळ. एकदा तर बाहेर कुणीतरी बेल वाजवत होतं, तरी बोट तिथेच. मला त्या थांबण्याचा इतका राग यायचा.

पाचवीत वक्तृत्व स्पर्धा होती. मी तिसऱ्या वाक्यानंतर अडलो. म्हणजे पूर्ण कोरं. आई पाचव्या रांगेत कडेच्या खुर्चीवर होती, मी तिच्याकडे बघितलं, म्हणलं निदान आज तरी ओठ हलवेल. नाही. मांडीवर पुस्तक नव्हतं तरी बोट तसंच ठेवून बसली होती. अशा गोष्टीत पुढे मुलाला आठवतं आणि टाळ्या वाजतात. मला काही आठवलं नाही, मी नमस्कार करून खाली उतरलो, आणि घरी जाताना ती एवढंच म्हणाली, "तिसऱ्या वाक्यापर्यंत छान होतं."

ते वाक्य आमच्या घरात राहूनच गेलं. दहावीचा गणिताचा पेपर, ड्रायव्हिंगची टेस्ट, एक मोडलेलं लग्न (माझं नाही, मामेभावाचं), सगळं तिसऱ्या वाक्यापर्यंत छान होतं. आता ऑडिशनवरून आलो की ती विचारते, आज कितव्या वाक्यापर्यंत?

लोक मात्र विचारतात, तू कॉन्फिडन्स कसा टिकवतोस रे. मला हा प्रश्न कळतच नाही. कास्टिंगवाल्यांच्या ब्रीफमध्ये, म्हणजे कसा माणूस हवा त्या मेसेजमध्ये, पण लिहितात 'कॉन्फिडंट दिसणारा हवा', जसं काही 'निळा शर्ट हवा'. निळा शर्ट आहे माझ्याकडे, प्लेन, बिनरेघांचा, लोगो नसलेला, तो मी धुऊन वेगळा ठेवतो. कॉन्फिडन्स धुतला की आकसतो. आणि 'बी युवरसेल्फ' म्हणणारे तर माझ्या डोक्यातच जातात, अरे साईड्समध्ये (ऑडिशनसाठी पाठवलेल्या संवादांच्या पानांत) हृदयरोगतज्ज्ञ लिहिलंय, मी कुठला युवरसेल्फ होऊ?

मी काय काय करून बघितलं नाही. मधे ते पॉवर पोज फार चाललं होतं. कमरेवर हात, पाय फाकवून, दोन मिनिटं उभं राहायचं की आत्मविश्वासाची हार्मोन्स वाढतात म्हणे, आणि त्यामागे अशाच ऐसपैस पोजवरचा २०१० चा एक अभ्यास होता. मी घरी बाथरूममध्ये उभा राहायचो, आई दार वाजवून विचारायची पोट बिघडलंय का. नंतर कळलं की २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तेच करून बघितलं तर हार्मोन्स काही हलली नाहीत, नुसतं वाटतं की आपण भारी आहोत, आणि २०१६ ला मूळ अभ्यास करणाऱ्या तिघांपैकी एकीनेच जाहीर सांगितलं की माझा आता यावर विश्वास नाही. मी अजूनही उभा राहतो. नुसतं वाटतं म्हणजे काय कमी आहे का?

त्यातल्या त्यात २०१४ चं एक मला पटतं. त्यात काही जणांना गाण्याआधी 'मी घाबरलोय' म्हणायला लावलं आणि काहींना 'मला उत्साह आलाय', तर उत्साहवाले बरे गायले. छाती तशीही धडधडणारच, नाव बदलून बघायचं. वेटिंगमध्ये माझ्यासारखेच दिसणारे वीस जण बसलेले असतात, सगळ्यांचे निळे शर्ट, सगळ्यांचे ओठ हलतायत, आणि मी मनात म्हणत असतो उत्साह आलाय, उत्साह आलाय, आणि तळहात मात्र ओले.

मॉडेलिंगच्या कास्टिंगला तर ओठांनाही काम नसतं. लपायला जागाच नाही. समोरून, बाजूने, पाठून, साधा टी-शर्ट, मेकअप नको, हसा, नका हसू, हात दाखवा, थँक यू. ४० सेकंद. त्या ४० सेकंदांसाठी आदल्या रात्री लवकर झोपायचं असतं. आणि नकार तर येतही नाही, फोन येत नाही हाच नकार, मग आपण कारणं शोधत बसायचं. एकदा मला कारण कळलं होतं, आधी ठरलेल्या मुलीपेक्षा मी दीड इंच कमी होतो. इतका आनंद झाला मला. दीड इंच! म्हणजे नाकाचा काही संबंध नव्हता.

ब्रायन क्रॅन्स्टन हा अमेरिकन नट सांगतो की ऑडिशनला काम मिळवायला जायचंच नाही, पात्र आपल्याला कसं दिसलं ते करून दाखवायचं आणि निघून यायचं, पुढचं आपल्या हातात नाही. हे मला शंभर टक्के पटतं. लिफ्टपर्यंत पटतं. लिफ्टचं दार बंद झालं की मी फोन काढून रेंज आहे का बघतो.

तर मुद्दा तो नव्हता. मुद्दा काय होता... हां, क्लिप. मी बघत बसलो आणि दोन तास गेले, एकही उडवली नाही. मी ज्या ट्रिम न करता ठेवल्यात त्या तर भारीच आहेत. "थांब, चष्मा." "हे सॉरी मी म्हणायचं का तू?" "याने हिला सोडलं का? का?" एकीत मी चिडून म्हणतोय आई प्लीज फक्त वाच, आणि ती गप्प, आणि मग एकदम खालच्या आवाजात पुढची ओळ. ती क्लिप मी दोनदा बघितली. आणि ज्या ज्या ठिकाणी मी ओळ विसरलोय तिथे तिथे शांतता आहे. रीडरने खरं तर चटकन ओळ द्यायची असते, वेळ वाचतो. सहा सेकंद, नऊ सेकंद, एका ठिकाणी चौदा. पंख्याचा आवाज येतोय आणि मी लेन्सच्या उजवीकडे बघतोय. बोट दिसत नाही, पण ते कुठे असणार मला माहीत आहे.

मधे सात महिने काहीच आलं नव्हतं. ना फोन, ना मेसेज. मी ट्रायपॉड कपाटावर टाकला होता आणि कुठल्यातरी ऑफिसच्या नोकरीचे फॉर्म भरत होतो, चांगली नोकरी होती, नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. एका संध्याकाळी आई कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "हल्ली वाचायला काही नसतं का रे?" मला वाटलं पुस्तक मागतेय. मी म्हणलं लायब्ररी लावूया का. ती म्हणाली, "तसं नाही. ते शेवटचं होतं ना, तो इन्स्पेक्टर. मला तो जरा जमायला लागला होता."

शेवटी जुने व्हॉइस मेसेज उडवले आणि दीड जीबी जागा केली. साडेसात वाजले होते. भिंतीपासून दीड हात पुढे उभा राहिलो, निळा शर्ट, दिवा खिडकीकडून, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, आई, दहा मिनिटं आहेत का?

आली. स्टुलावरच्या उशा थोपटून बसली.

"आज मी कोण?"

"बँक मॅनेजर."

"चांगला की वाईट?"

"माहीत नाही गं, दोनच पानं पाठवलीयत."

तिने दोन्ही पानं वरून खालपर्यंत बघितली.

"वाईट नसेल," ती म्हणाली. "चष्मा आण माझा."