केक नंतर कापा, आधी दाराला कडी लावा

मॅटर्निटी लीव्हवरून कोणी परत आली की आपल्याकडे ऑफिसात केक कापतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडून पहिल्यासारखंच काम पाहिजे असते. कौतुक करा ना, पण तिला त्या दिवशी खरं काय लागते ते कोणी विचारतच नाही.

आमच्या टीममधली एक पोरगी नुकतीच परत जॉइन झाली. घर नागपुरात मानेवाड्याला, ऑफिस पार शहराबाहेर मिहानकडे. दुपारी ही जाते कुठे म्हणून मी शोधत गेली तर स्टोअर रूममध्ये, जुन्या मॉनिटरच्या खोक्यांमागे खुर्ची टाकून बसलेली, दाराला आतून कडी नाही म्हणून एक पाय लांब करून दाराला टेकवलेला, हातात दूध काढायचा पंप आणि ओढणी सगळी ओली. मला पाहून म्हणते, "ताई, आधी दार लोटा बाप्पा, कोणी येऊन राहिलं असन."

मला फार राग आला. तिचा नाही, आपल्या सगळ्यांचा.

कायद्यात बरंच काही आहे हो. मॅटर्निटी बेनिफिट कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन लेकरांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात. आता हिशोब करा, डॉक्टर सांगतात सहा महिने फक्त आईचं दूध, वरून पाणीसुद्धा नाही (नागपूरच्या उन्हाळ्यात हे आजीला समजावून सांगणं म्हणजे वेगळंच काम आहे), आणि जिला बीपीमुळे दोन महिने आधीच घरी बसावं लागलं तिचं लेकरू जेमतेम चार महिन्यांचं झालं की रजा संपते. म्हणजे ती दूध पाजणारी आई म्हणूनच ऑफिसात येते. लेकरू १५ महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोन नर्सिंग ब्रेक (म्हणजे दूध पाजायची सुट्टी), जेवणाच्या सुट्टीशिवाय वेगळे, हा तिचा हक्क आहे. ५० किंवा त्याहून जास्त स्टाफ असेल तर पाळणाघराची सोय पाहिजे आणि दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला पाहिजे. पण पाळणाघर जवळ नसेल तर त्या ब्रेकमध्ये ती मिहानहून मानेवाड्याला जाऊन परत येणार आहे का? नाही ना. मग तो ब्रेक पंप करण्यातच जातो, आणि त्यासाठी पाहिजे एक स्वच्छ खोली, आतून कडी, एक प्लग पॉइंट, हात धुवायला बेसिन. बस. आणि ती खोली म्हणजे बाथरूम नाही, तुम्ही स्वतः तिथे डबा खाता का?

फ्रिजचं तर मुद्दाम सांगते. काढलेलं दूध २५ डिग्रीला साधारण चार तास टिकते, फ्रिजमध्ये मात्र चार दिवसांपर्यंत. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ असते, त्यामुळे फ्रिज पाहिजेच आणि घरी नेताना बॅगेत आइस पॅक पाहिजे. एका ऑफिसात कोल्ड्रिंकच्या बाटल्या मावत नाही म्हणून कोणीतरी तिथल्या एका आईची दुधाची बाटली ओट्यावर काढून ठेवली होती, संध्याकाळी सगळं दूध फेकावं लागलं. तेवढं दूध काढायला किती वेळ लागतो ते ज्यानं काढलं त्यालाच माहीत.

मॅनेजर लोकांना एक सांगणं, तिला "आराम पडेल" म्हणून परस्पर मोठं काम काढून घेऊ नका. आधी विचारा. कोणाला हलकं काम पाहिजे असते, कोणाला आपला जुना क्लायंटच पाहिजे असते. आणि साडेपाचची मीटिंग चारला घेतली तर काही बिघडत नाही.

नवरे लोकहो, तुम्हालाही. लेकराला ताप आला की पाळणाघरवाल्या काकू पहिला फोन आईलाच लावतात, कारण फॉर्मवर पहिला नंबर तिचाच असते. उद्या सोडायला तुम्ही जा आणि तिथे पहिला नंबर तुमचा लिहून या. आणि फोन आला की उचला, निघा.