चंद्रावरची वखार

1967 च्या बाह्य अंतराळ कराराचे दुसरे कलम अवघ्या एका वाक्याचे आहे. दावा सांगून, वापर करून, कब्जा करून किंवा अन्य कोणत्याही मार्गाने चंद्रावर अथवा इतर खगोलांवर कोणत्याही राष्ट्राला मालकी प्रस्थापित करता येणार नाही, असे ते सांगते. अमेरिका, रशिया, चीन आणि भारत हे चारही देश या कराराने बांधलेले असल्यामुळे चंद्रावर रोवलेल्या झेंड्याची मला फारशी धास्ती वाटत नाही. धास्ती वाटते ती त्या झेंड्याभोवती आखल्या जाणाऱ्या रिंगणाची.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर शॅकल्टन नावाचे सुमारे 21 किलोमीटर व्यासाचे विवर आहे. तिथे सूर्य क्षितिजाला चिकटूनच फिरतो. त्यामुळे विवराच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही आणि काठावरच्या मोजक्या उंचवट्यांवर मात्र वर्षाचा बराचसा काळ ते टिकून असते. खालच्या काळोखात बर्फ असण्याची शक्यता आणि वर सौरपट्ट्यांना पुरेल इतके ऊन, असा दुहेरी योग असलेल्या जागा फार थोड्या आहेत. क्षेत्रफळाने चंद्र आफ्रिका खंडाहून मोठा असला, तरी तळ उभारण्याच्या दृष्टीने सर्वांचे डोळे लागले आहेत ते अशाच काही तुकड्यांवर.

आता यात तांत्रिक अडचण अशी की, यान उतरताना इंजिनाच्या झोताने उडालेली धूळ, हवेचा अडथळा नसल्यामुळे, प्रचंड वेगाने दूरवर जाते. नोव्हेंबर 1969 मध्ये अपोलो 12 हे यान चंद्रावर आधीच उतरलेल्या सर्व्हेयर 3 या मानवरहित यानापासून दोनशे मीटरांच्या आत उतरले होते, आणि अंतराळवीरांनी सर्व्हेयरचे जे भाग काढून परत आणले त्यांवर या धुळीच्या माऱ्याच्या खुणा स्पष्ट दिसल्या. म्हणजे तळाभोवती सुरक्षा क्षेत्र असावे ही मागणी खोटी नाही. अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या 2020 च्या आर्टेमिस करारनाम्यात ती आली आहे, आणि जून 2023 मध्ये भारतानेही त्यावर सही केली. ही क्षेत्रे तात्पुरती असावीत, त्यांचा आकार वाजवी असावा, असे त्यात म्हटले आहे. पण काम कधी संपले आणि वाजवी म्हणजे किती, हे प्रथम ठरवणार तिथे आधी पोहोचलेला. शिवाय चीन आणि रशिया या करारनाम्यात नाहीत.

रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र या राज्यनीतीवरील ग्रंथात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, दिलेला इशारा इथे आठवल्यावाचून राहत नाही. हे वरकड सावकारांसारखे नाहीत, यांच्या पाठीशी राज्ये आहेत. वखारीला जागा द्यावी लागलीच तर ती समुद्रकाठी देऊ नये आणि पक्की इमारत बांधू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. अमात्यांच्या काळी निदान जागा देणारा कोणीतरी होता. शॅकल्टनच्या काठावर परवानगी मागायची ती कोणाकडे?

माणसांचा प्रश्न याहून अवघड आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर 1998 च्या करारानुसार प्रत्येक भागीदाराचा अंमल त्याने पुरवलेल्या भागांवर आणि त्याच्या माणसांवर चालतो. ही व्यवस्था सुरळीत चालली, कारण तिथे जाणारे बहुतांशी सरकारी सेवेतले असतात आणि काही महिन्यांनी घरी परततात. जिथे हवा, पाणी आणि परतीचे यान हे तिन्ही एकाच कंपनीच्या हाती असेल, तिथे संप करणाऱ्या कामगाराची अवस्था काय होईल, याचे उत्तर त्या करारात नाही. मंगळावर पृथ्वीवरील कोणत्याही सरकारचा अधिकार चालणार नाही, असे कलम स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक या उपग्रह इंटरनेट सेवेच्या शर्तींत 2020 साली लोकांच्या नजरेस आले. 1967 च्या कराराचे सहावे कलम खासगी कंपन्यांच्या अंतराळातील कारभाराची जबाबदारी त्यांच्या त्यांच्या देशावर टाकते, त्यामुळे हे कलम कायद्यापुढे टिकेल असे मला वाटत नाही. परंतु मालकांची मनीषा त्यातून पुरेशी कळते.

चंद्रावरील संपत्ती साऱ्या मानवजातीची मानणाऱ्या 1979 च्या चंद्र करारावर भारताने 1982 मध्ये सही केली, पण त्याला अनुसमर्थन कधीच दिले नाही. 2023 चे अंतराळ धोरण आहे. संसदेने केलेला सर्वंकष अंतराळ कायदा मात्र अजून नाही. तो होईल तेव्हा परवाने आणि गुंतवणुकीच्या कलमांबरोबरच भारतीय कंपनीच्या चांद्रतळावरील कामगाराला कोणत्या न्यायालयात दाद मागता येईल आणि तळाभोवतीचे रिंगण किती वर्षांनी आपोआप रद्द होईल, हेही त्यात लिहिलेले असावे.