षटकाला एक ओळ

भाचीला डिसेंबरात बाळ व्हायचंय, आणि दुपटं आत्याने करायचं हे आमच्याकडे कोणी न सांगताच ठरलेलं असतं. सप्टेंबरात लोकर आणून ठेवली होती, पण नमुना ठरत नव्हता. ग्रॅनी स्क्वेअर, म्हणजे क्रोशाचे चौकोन, करून करून हात किटले होते. तेवढ्यात महिला क्रिकेटचा विश्वचषक आपल्याकडेच आहे हे लक्षात आलं आणि दरवर्षी मनात येऊन राहून जाणारी गोष्ट या वेळी करायची ठरवली.

नियम असा. भारताची बॅटिंग असेल तेव्हा षटकाला एक ओळ, मुका खांबाची (क्रोशाचा साधा, बुटका टाका), ४० टाके. त्या षटकात जितक्या धावा, तसा रंग: धाव नाही तर पांढरा, १ ते ३ आकाशी, ४ ते ६ गडद निळा, ७ ते ९ केशरी, १० किंवा जास्त असतील तर झेंडूचा पिवळा. विकेट पडली की त्या ओळीत एक लाल बोंड, म्हणजे फुगीर गोळा. चार पदरी अॅक्रिलिक, ४ मिमीची सुई. माझ्या हाताने ४० टाक्यांचे साधारण २२ सेंटीमीटर होतात आणि ५० ओळींचे २५. साखळीतले सात सामने, सेमी आणि फायनल गाठली तर नऊ तुकडे, तीन गुणिले तीन, नेमकं दुपट्याच्या मापाचं. गाठली तर! अहो म्हणाले, "सातच सामने झाले तर काय करशील?" मी म्हटलं, बाळ लहान असेल.

समोरची टीम बॅटिंगला असताना हातात दुसरं काम: दाराचं तोरण, दिवाळीच्या आत पुरं करायचं. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं काही नाही, दरवर्षीचंच.

३० सप्टेंबर, श्रीलंका, गुवाहाटी

पहिल्याच ओळीत घोळ. क्रोशात रंग बदलायचा तर आधीच्या ओळीच्या शेवटच्या टाक्याचा शेवटचा वेढा नव्या रंगाने घ्यावा लागतो. पण पुढच्या षटकात किती धावा होणार हे मला कुठून माहीत? चार-पाच ओळी उसवून झाल्यावर डोक्यात प्रकाश पडला. एक षटक मागे राहायचं. आठवं षटक चालू असताना सातव्याची ओळ विणायची, शेवटच्या टाक्याचे दोन फास सुईवर तसेच ठेवायचे, आणि आठवं संपून धावा कळल्या की मग त्या रंगाने वेढा घेऊन टाका बंद करायचा. चाळीस टाक्यांना मला दोन मिनिटं लागतात, षटकाला त्याहून जास्त. मधे चहाचा घोट घेण्याइतकी फुरसत मिळते.

दुसरा घोळ बोंडाचा. मुका खांबाच्या विणीत पाच खांब (उंच टाके) एकत्र बंद केले की बोंड मागच्या बाजूला फुगतं. म्हणून नमुन्यांत ते नेहमी उलट्या ओळीवर घेतात. माझ्या सम ओळी उलट्या, विषम सुलट. विकेट काय सम-विषम बघून पडते? विषम षटकात पडलेली प्रत्येक विकेट पाठीमागे जाऊन बसली, बोटाने पुढे ढकलली तरी परत मागे. २६व्या षटकात मात्र इनोका रणवीराने एकाच ओव्हरमध्ये तिघींना घालवलं, आणि सम ओळ असल्यामुळे तिन्ही बोंडं सुलट बाजूला ठसठशीत उठली. १२० ला दोन होत्या, १२४ ला सहा झाल्या. घरात सुतकी कळा आणि माझ्या मांडीवर काय देखणी ओळ! नंतर अमनज्योत आणि दीप्तीने सावरलं. पावसामुळे ४७ षटकांचा सामना, म्हणून पहिला तुकडा ४७ ओळींचा.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे पाटावर अहोंचा पाना-पक्कड, मुलाचा लॅपटॉप आणि माझी सुई. दसरा होईपर्यंत सुईला हात लावला नाही, सक्तीची विश्रांती.

५ ऑक्टोबर, पाकिस्तान, कोलंबो

बोंडाऐवजी पॉपकॉर्न टाका घ्यायला लागले. एकाच टाक्यात पाच खांब, मग सुई काढून पहिल्या खांबात घालायची आणि सुटलेला फास ओढून घ्यायचा. सुलट ओळीवर सुई समोरून घालायची, उलट ओळीवर मागून, की पॉपकॉर्न नेहमी सुलट बाजूलाच फुलतो. हे मला पहिल्या सामन्याआधी सुचलं असतं तर! श्रीलंकेचा तुकडा तसाच ठेवलाय.

हा सामना आठवणीत राहील तो किड्यांमुळे. मैदानात इतके किडे झाले की खेळ थांबवून फवारणी करावी लागली. पंधरा मिनिटं मिळाली, तेवढ्यात धाग्यांची टोकं लपवली. ही टोकं म्हणजे या प्रकल्पाची खरी शिक्षा आहे. रंग बदलला की दोन टोकं, आणि धावा काही सलग एका रंगात होत नाहीत. पुढची ओळ विणताना टोक टाक्यांवर आडवं धरून त्यावरूनच विणत जायचं, तरी सगळी आत जात नाहीत. २४७ सर्वबाद, दहा पॉपकॉर्न.

९ आणि १२ ऑक्टोबर, विशाखापट्टणम

दोन्ही हरलो. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध १०२ ला सहा, मग आठव्या नंबरवर येऊन रिचा घोषने ९४ ठोकल्या. तुकड्याचा खालचा भाग आभाळ भरून आल्यासारखा आणि वर एकदम झेंडू. पिवळी गुंडी इथेच संपत आली. धावत जाऊन आणली, तर रंगाचा लॉट वेगळा निघाला. दुकानदार म्हणाला, "उन्नीस-बीस का फरक है." एकोणीस-वीस नाही हो, सरळ हळद आणि लिंबू! तीन तुकडे झाल्यावर काय करणार, आणला. अनुभवावरून सांगते, असल्या प्रकल्पाला ज्या रंगाची खात्री नाही त्याची एक गुंडी जास्तच घ्या. संघ कधी पेटेल सांगता येत नाही.

ऑस्ट्रेलियाविरुद्ध सांगलीच्या स्मृती मानधनाने आणि प्रतिका रावलने १५५ ची सलामी दिली, तोवर लाल गुंडी पिशवीतून बाहेर काढावी लागली नाही. शेवटच्या सहा विकेट्स ३६ धावांत गेल्या. सगळे पॉपकॉर्न वरच्या कडेला द्राक्षाच्या घोसासारखे लोंबतायत, आणि तुकडा वरच्या बाजूला जड झालाय. ३३० करूनही त्यांनी पाठलाग पुरा केला. रात्री तोरणाची तीन फुलं विणली, एक शब्दही बोलावासा वाटत नव्हता.

१९ ऑक्टोबर, इंग्लंड, इंदूर

तोरण पुरं. दिवाळीचा रविवार, चकल्या तळून झालेल्या, पाठलाग २८९ चा. स्मृती आणि हरमनप्रीत खेळत होत्या तोवर मी निवांत. स्मृती ८८ वर गेली आणि त्यानंतरच्या ओळी मी कशा विणल्या ते मला माहीत नाही. सुई पुढच्या टाक्यात शिरेना. बोटाला लोकर करकचून वळ उठला होता. शेवटच्या षटकात १४ हव्या होत्या, नऊ झाल्या, चार धावांनी हरलो. आणि नऊ धावा म्हणजे माझ्या नियमाने केशरी! हरलेल्या षटकाला सणाचा रंग. माझ्या तक्त्याला धावा दिसतात, हव्या किती होत्या ते दिसत नाही.

रात्री पट्टी लावून मोजलं. तळाशी २२ सेंटीमीटर, वरच्या कडेला १९, सरासरी वीसच धरा. टाके चाळीसच आहेत, दोनदा मोजले. मला वाटत होतं की सामना रंगात उतरेल. तो माझ्या हाताच्या ओढीत जास्त उतरलाय. रंग पाहून कोणाला काही कळणार नाही, पण डोळे मिटून कडेवरून बोट फिरवलं की विकेट कुठे पडली ते कळतं. मुलगा म्हणाला, "आई, उसव आणि परत कर, स्कोअरकार्ड आहे ना नेटवर." स्कोअरकार्ड बघून विणायचं असतं तर सामना कशाला बघितला असता?

२३ ऑक्टोबर, न्यूझीलंड, आणि इथून सगळं घराशेजारी

हा सामना डी. वाय. पाटील स्टेडियमला, म्हणजे आमच्या नेरूळलाच. भाऊबीज असल्याने भाऊ आला होता. आम्ही मोबाईलच्या अॅपवरून टीव्हीला जोडून सामना बघतो, त्यामुळे चित्र अर्धा मिनिट मागे. खिडकीतून आधी गलका येतो, मग टीव्हीवर बॉलर धावायला लागते. दोन-चार षटकांत कान तयार झाला. एकसंध लांब आरोळी म्हणजे चौकार किंवा षटकार, आणि "आऽऽह" करून बसणारा आवाज म्हणजे आपली विकेट. ओवाळून झाल्यावर भाऊ शेजारी बसला आणि प्रत्येक गलक्याला "ताई, पिवळा काढ, पिवळा!" करत राहिला. २१२ ची सलामी, स्मृती १०९, प्रतिका १२२, मागून जेमिमा नाबाद ७६. ४९ षटकांत ३४० ला तीन. तुकडा इतका सैल आला की २३ सेंटीमीटर भरला. मांडीवर धरला तर ओघळतो.

२६ ऑक्टोबर, बांगलादेश

पाऊस. भारताची बॅटिंग ८.४ षटकं, ५७ ला शून्य. नऊ ओळी झाल्या आणि खेळ संपला. वाळत घातलेले कपडे आत घेताना विचार करत होते की नऊ ओळींचं आता करायचं काय. रिकामी जागा चालणार नाही, बाळाचा पाय अडकेल. शेवटी सासूबाईंच्या जुन्या स्वेटरची उसवलेली राखाडी लोकर सापडली. तिची लडी करून धुतली, वजन बांधून वाळवली, आणि उरलेल्या ४१ ओळी पावसाच्या. तीन दिवस लागले. ना सामना, ना धावा, नुसते मुका खांब. इतकं कंटाळवाणं काम मी बऱ्याच दिवसांत केलं नव्हतं. पण नऊपैकी सगळ्यात सरळ कडा याच तुकड्याच्या आहेत.

याच सामन्यात प्रतिकाचा पाय मुरगळला आणि ती स्पर्धेबाहेर गेली.

३० ऑक्टोबर, सेमीफायनल

ऑस्ट्रेलिया ३३८. मी लोकरीची पिशवी बंद करून स्वयंपाकाला लागले होते, खोटं कशाला बोलू. अहोंनीच टीव्हीसमोर बोलावलं: "तुकडा तरी पुरा कर."

५९ ला दोन. मग जेमिमा आणि हरमनप्रीत. १६७ ची भागीदारी, आणि मला विणताना सुईकडे बघावंही लागत नव्हतं. हरमनप्रीत ८९ वर गेली तेव्हा खिडकीतून तो बसका आवाज आला आणि माझा हात टीव्हीआधीच आवळला. तरी आपली मुंबईची पोरगी उभीच होती. शेवटच्या पाच-सहा ओळी मी उभ्याने विणल्या, गुंडी सोफ्याखाली गडगडत गेलेली. ४८.३ षटकांत ३४१ ला पाच, जेमिमा नाबाद १२७. आवाज आधी आला, म्हणून अमनज्योतचा चौकार मी टीव्हीवर पाहिला तो डोळे पुसत. वरच्या मजल्यावरच्या काकू थाळी वाजवत जिन्यात आल्या.

या तुकड्याचा आकार पखवाजासारखा आहे, दोन्ही टोकांना आवळलेला आणि मधे फुगीर.

२ नोव्हेंबर, फायनल

पावसामुळे तीनचा सामना पाचला सुरू झाला. त्या दोन तासांत आठ तुकडे जमिनीवर मांडले आणि खेळलेल्या क्रमाने लावले तर बरोब्बर मधे इंग्लंड! सगळ्यात अरुंद तुकडा मधोमध, आणि भोवतालचे त्याच्याकडे ओढले जातायत. क्रम बदलावा का, असं दहा मिनिटं वाटलं. नाही बदलला. प्रत्येक तुकड्याला पांढऱ्या मुका खांबाची किनार घालायचीच होती. एका फेऱ्याने दोन्ही बाजूंना मिळून एक सेंटीमीटर वाढतो. इतरांना दोन फेरे, न्यूझीलंडला एक, इंग्लंडला चार, की सगळे २४. पखवाजाच्या टोकांना किनारीत चार-चार जास्तीचे टाके घालून दामटलं. इस्त्री मात्र नाही फिरवली. अॅक्रिलिकवर गरम इस्त्री लागली की लोकर मरते, चकचकीत आणि लुळी होते, परत कधी उठत नाही. ओलं करून टाचण्या लावल्या, पुरे.

आपल्या २९८ ला सात. प्रतिकाच्या जागी आयत्या वेळी आलेल्या शफालीने ८७ केल्या. नववा तुकडा नऊच्या आत पुरा झाला, आणि मग माझ्या लक्षात आलं की आता नियमाप्रमाणे हाताला कामच नाही. ब्रिटनचा डायव्हर टॉम डेली टोकियोला ऑलिंपिकच्या गॅलरीत बसून सुयांवर विणत होता तेव्हा लोकांना त्याचं केवढं कौतुक वाटलं होतं. माझं म्हणणं आहे की तो दुसऱ्यांचा सामना रिकाम्या हाताने बघूच शकत नसणार. मी जोडकाम काढलं. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वुल्वार्ट शतक करत होती तोवर वरच्या दोन रांगा जोडून झाल्या. अमनज्योतने दोन-तीनदा उडवत तिचा कॅच पकडला तेव्हा तिसरी रांग सुरू केली.

मध्यरात्रीच्या सुमारास खिडकीतून जो आवाज आला तो त्याआधीच्या कुठल्याच आवाजासारखा नव्हता. पाठोपाठ फटाके. टीव्हीवर दीप्ती अजून धावत होती. अहो म्हणाले, "जिंकलो की काय!" आणि आम्ही तिघं तसेच बसून राहिलो, हरमनप्रीतने मागे पळत तो कॅच घेईपर्यंत. दीप्तीच्या पाच, आफ्रिका २४६, बावन्न धावांनी. मी तेव्हा सेमीफायनल आणि फायनलचे तुकडे जोडत होते. त्या जोडात एका बाजूपेक्षा दुसऱ्या बाजूला एक टाका जास्त आहे. जास्तीचा एक कुठून आला ते शोधून सापडलं नाही. तो तसाच आहे.

आत्तापर्यंत

सामन्यांच्या ४०३ ओळी, पावसाच्या ४१, पॉपकॉर्न आणि बोंडं धरून ५९. पाठीमागे फुगलेली श्रीलंकेची बोंडं बाळाला टोचतील का, या शंकेने मागून मऊ सुती अस्तर लावणार आहे. त्याने टोकंही झाकली जातील, पण बोळक्या तोंडात धागा जायला नको म्हणून आधी प्रत्येक टोक शिवूनच टाकणार. बांगलादेशच्या तुकड्याचं काम दहा मिनिटांत झालं. पाकिस्तानचा कालपासून मांडीवर आहे, अजून अर्धासुद्धा झालेला नाही.