धुऊन काढलेली चित्रं

रविवार, रात्र. पाऊस चालूच.

रोमच्या टायबर नदीकाठचे फोटो आज दुपारभर बघत बसलो. १८७० साली टायबरला मोठा पूर आला आणि त्यानंतर तिथं दोन्ही काठांना उंच दगडी भिंती घातल्या. पुराची भीती गेली, पण नदीच खंदकात पडल्यासारखी झाली. माणसं वरच्या रस्त्यानं जाणार, पाणी खालून. २०१६ च्या एप्रिलमध्ये विल्यम केंट्रिज या दक्षिण आफ्रिकेच्या चित्रकारानं त्यातल्या एका भिंतीवर सुमारे अर्धा किलोमीटर लांबीची मिरवणूक काढली. ऐंशीच्या वर आकृत्या, काही तर दहा मीटर उंच. आणि रंगाचा एक थेंब नाही! भिंतीवर वर्षानुवर्षं धूर-शेवाळाचा काळा थर साचलेला. त्यावर मोठे साचे धरायचे, भोवतालचा थर जोराच्या पाण्यानं धुवायचा. मागं राहिलेली काजळी म्हणजेच चित्र. थर पुन्हा चढणार, चित्र पुसट होणार, हे धरूनच केलेलं काम.

ही करामत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सर्व्हिसिंगच्या पोरानं कुणी न शिकवता केली आहे. बेळगावच्या पावसात गणपतीपर्यंत एकूण एक कंपाउंड काळं पडतं. गाडी धुता धुता त्यानं प्रेशर पंपाचा पाइप मागच्या भिंतीवर फिरवला, तर काळ्यात पांढरा बैल उमटला. शिंगं जरा वाकडी, पण वशिंड झकास. मालक खेकसला, "पाणी काय तुझ्या बानं भरलंय?"

भरलंय मार्कंडेय नदीनं. राकसकोपचा जलाशय तिच्यावरच आहे, तेच पाणी शहराच्या नळाला येतं. तरी टिळकवाडीत कुणालाही विचारा, "बेळगावला नदी कुठं आहे?" असा उलट प्रश्न येईल. आम्हाला भिंत बांधावी लागली नाही. नळ आला आणि नदीकडं पाठ झाली. उचगाव, आंबेवाडीकडच्या शेतकऱ्याला असं विसरून चालत नाही. आषाढात ती पात्र सोडून भातात शिरते आणि पाणी ओसरेपर्यंत रोपं कुजून जातात.

संध्याकाळी पुलावर जाऊन आलो. तांबडं पाणी, कठड्याला अडकलेल्या निर्माल्याच्या पिशव्या. एक आजोबा छत्री सावरत थांबले. "काय बघायलाईस रं? जीव द्यायला नाही न्हवं आलास?" मग स्वतःच २०१९ च्या पुराचं सांगत बसले, आणि पाणी कुठवर आलं होतं ते काठीनं बाभळीवर दाखवलं. ती खूण त्यांच्या डोक्यात आहे, बाभळीवर नाही. पुलाच्या काळ्या खांबावर निदान तेवढी रेघ तरी धुऊन काढावी असं वाटलं.

अक्षरं मात्र नकोत. अक्षर आलं की भाषा आली, आणि भाषा आली की बेळगावात पोलीस आले.

हात इथं कमी नाहीत. शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी ट्रकवर अख्खा किल्ला उभा करणारी मंडळं आहेत. नदी चित्ररथावर आलेली मी तरी पाहिली नाही. फक्त कुणी 'रिव्हरफ्रंट' म्हणू नये. फरशा, बाकडी, रंगीत दिवे आणि त्यासाठी कुणाचं तरी रताळ्याचं शेत, एवढंच त्यातून निघतं. शिवाय खांब चकचकीत आणि खाली सांडपाणी, ही शोभा तर नकोच.

परतताना त्या पोराशी बोललो. दसऱ्यानंतर पाणी उतरलं की बघू. परवानगी कुणाची काढायची हे वेगळंच पुराण. पंपाला पाणी नदीचंच घ्यायचं, मोटर कुणा शेतकऱ्याकडं मागायची. पोरगा तयार आहे, पण बैलाला नाही म्हणतो. "म्हशी काढू या. नदीत डुंबतात त्या म्हशी. बैल तर तिकडं शेतात राबत असतोय."