पवनीपासून जपानपर्यंत : स्तूपाचे बदलते रूप

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी वसलेल्या पवनीला जगन्नाथ टेकडी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या टेकडी म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या उंचवट्याखाली विटांचा स्तूप निघाला. त्याचा व्यास सुमारे ३८ मीटर, म्हणजे सांचीच्या महास्तूपापेक्षाही किंचित मोठा. भोवतीच्या वेदिकेच्या, म्हणजे दगडी कठड्याच्या, दगडांवर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. एका शिल्पात बुद्धांवर छाया धरणारा मुचलिंद नाग फणा उभारून आहे आणि त्याच्या छायेतले आसन मात्र रिकामे आहे, कारण त्या काळी बुद्धांची मूर्ती घडवली जात नसे. आपल्या मातीतला हा स्तूप आपल्याच शाळांतून फारसा सांगितला जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

स्तूपाची मूळ रचना साधी आहे. खाली मेधी म्हणजे चौथरा, तिच्यावर भरीव अंड म्हणजे घुमट, त्याच्या माथ्यावर चौकोनी कठड्याची हर्मिका आणि तिच्यातून वर गेलेल्या यष्टीवर, म्हणजे दांड्यावर, छत्र. आत धातू, म्हणजे अस्थी, आणि भोवती प्रदक्षिणापथ. सांचीची वेदिका जवळून पाहिली, तर उभ्या खांबांना खाचा पाडून त्यांत सूची, म्हणजे आडव्या पट्ट्या, सरकवलेल्या दिसतात. ही जोडणी सुताराची आहे. दगडाला तिची गरज नव्हती, पण लाकडी कुंपणाची जुनी सवय कारागिरांच्या हातातून गेली नव्हती.

हे रूप देशोदेशी गेले, तेव्हा सगळीकडे घुमटच मोठा होत गेला असेल असे आपण सहज समजतो. श्रीलंकेत तसे झालेही. अनुराधापूरचे जेतवनाराम मुळात सुमारे १२२ मीटर उंच होते आणि ते सारे विटांचे होते. उत्तरेकडे मात्र उलटे घडले. गांधारात, म्हणजे आजच्या वायव्य पाकिस्तानच्या परिसरात, मेधी चौकोनी आणि उंच झाली, अंड लहान झाले आणि छत्रांची संख्या वाढत गेली. चीनमध्ये बहुमजली लाकडी मनोऱ्यांची परंपरा आधीपासूनच होती, तिच्याशी या उंचावत गेलेल्या स्तूपाची सांगड बसली आणि पॅगोडा उभा राहिला. हेनान प्रांतातील सोंग्युए विहाराचा इ. स. ५२३ च्या सुमाराचा बारा बाजूंचा विटांचा मनोरा आजही उभा आहे.

जपानमधील होर्युजी या बौद्ध मंदिराचा पाच मजली पॅगोडा मला या साऱ्या प्रवासात सर्वांत बोलका वाटतो. त्याच्या शिखरावरच्या दांड्याकडे खालून वर पाहत गेल्यास आधी एक चौकोनी पेटी, तिच्यावर पालथ्या वाडग्यासारखा भाग आणि त्याच्या वर नऊ कडी दिसतात. पालथा वाडगा म्हणजे अंड आणि कडी म्हणजे छत्रे. सांचीत डोंगराएवढा असलेला स्तूप इथे छपराच्या टोकावर येऊन बसला आहे. धातू मात्र जमिनीतच, मधल्या खांबाच्या पायाच्या दगडात ठेवलेला आहे. त्या खांबाचे झाड इ. स. ५९४ मध्ये तोडले गेले, हे लाकडातील वर्षवलयांवरून ठरले आहे.

जावामधील बोरोबुदुर हा तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. तिथे प्रदक्षिणा घालतच मजल्यामागून मजला चढावा लागतो आणि वर जाळीदार ७२ स्तूप भेटतात.

आकार इतके बदलले, तरी धातू, मधला उभा अक्ष आणि प्रदक्षिणा ही तीन अंगे सहसा कुणी सोडली नाहीत. म्हणूनच नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप मला या इतिहासातला मोठा टप्पा वाटतो. वास्तुकार शिवदान मल यांनी सांचीचे रूप समोर ठेवले, पण घुमट आतून पोकळ ठेवला. ज्या वास्तूभोवती अडीच हजार वर्षे लोक बाहेरून फिरत आले, तिच्या आत आता हजारो माणसे एकत्र बसतात आणि मधोमध बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी जिथे लाखो माणसे एकत्र आली, तिथे सर्वांना आत घेणाराच स्तूप हवा होता.

आता आपल्याकडे गावोगावी वर्गणीतून विहार उभे राहतात आणि बहुतेकांवर सिमेंटचा घुमट असतो. जागा अपुरी म्हणून भिंत थेट कुंपणाला भिडवली जाते आणि भोवती फिरायला वाट उरत नाही. घुमट थोडा लहान झाला तरी चालेल, पण नकाशा काढतानाच चारही बाजूंनी दोन माणसे शेजारी चालू शकतील एवढी वाट सोडावी, अशी माझी प्रत्येक विहार समितीला विनंती आहे.