माग थांबल्यानंतरचा पूर्वरंग

बेळगावातल्या शहापूरच्या ज्या घराच्या माडीवर आम्ही दर शनिवारी खेळायला जमतो, त्याच्या शेजारच्या घरात यंत्रमाग आहेत. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास ते एकेक करून बंद होतात. शेवटचा माग थांबला की टेबलावरच्या पेल्यातले पाणी, जे इतका वेळ बारीक थरथरत असते, ते स्थिर होते आणि खालच्या गल्लीतली बोलणी स्पष्ट ऐकू येऊ लागतात. आमचा खेळ त्यानंतर सुरू होतो. सुरुवातीच्या काळात आम्ही केवळ आवाजामुळे थांबत होतो. पुढे माझ्या लक्षात आले की सात ते साडेसात या अर्ध्या तासात ज्याचे मन जिथे असते, तिथेच ते रात्री अकरापर्यंत राहते. खेळ रंगणे किंवा फसणे हे बहुतेक वेळा या अर्ध्या तासातच ठरून गेलेले असते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांचा खेळ १९७४ साली तीन छोट्या पुस्तिकांच्या रूपात बाहेर आला आणि टेबलाभोवती बसून भूमिका खेळण्याचा हा सगळा प्रकार तिथून रुजला. त्याआधी ही मंडळी पटावर सैन्ये मांडून लढायांचे खेळ खेळत असत. नवे काय झाले, तर खेळाडूच्या हाती सैन्याऐवजी एकच माणूस आला. त्याला नाव, गाव, भीती आणि हाव मिळाली. एक जण गेम मास्टर होऊन जग उभे करतो, बाकीचे त्या जगात आपापले पात्र चालवतात आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे फासा टाकतात. मला हा बदल फार मोठा वाटतो, कारण सेनापतीच्या मनाने बसलेला माणूस सोंगट्या हलवतो, तर एका माणसाच्या मनाने बसलेल्याला समोरच्याचे ऐकावेच लागते. आजही आमच्या टेबलावर जे बिघडते, ते कोणीतरी सेनापती होऊन आल्यामुळेच बिघडते. एकदा तो मीच होतो.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. गेल्या वर्षीच्या मार्च अखेरच्या शनिवारी दिवसभर न जुळणाऱ्या दोन आकड्यांशी झगडून, वरून दोन शब्द ऐकून घेऊन, मी तसाच थेट खेळाला गेलो. कथेत पाचही जणांचा तांडा घाटातल्या एका नाक्यावर पोहोचला होता. तो घाट मी मनात चोर्ला घाटासारखा रंगवला होता: एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला ओली दाट झाडी आणि समोरचे दहा पावलांवरचे दिसू नये असे धुके. नाकेदार वाट अडवणार, झटापट होणार आणि त्या गोंधळात तांड्यातली एक पेटी दरीत कोसळणार, असे मी वहीत लिहून ठेवले होते. आमच्या यजमान मित्राची पत्नी, जिला आम्ही सगळे वहिनी म्हणतो, ती या कथेत वैद्य आहे. तिचे पात्र पुढे झाले आणि नाकेदाराला म्हणाले की तुझ्या मुलाला ताप आहे ना, आधी मला त्याला बघू दे, वाटेचे नंतर पाहू.

हा ताप मीच दोन सेशनपूर्वी एका वाटसरूच्या तोंडून सहज बोलून गेलो होतो. वहिनींनी तो लक्षात ठेवला होता आणि मी विसरलो होतो. माझ्या डोक्यात मात्र दरीत कोसळणारी पेटी पक्की बसली होती, म्हणून मी नाकेदाराला ‘मला मुलगा नाही’ असे म्हणायला लावले आणि सगळ्यांना इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कोणाची पाळी आधी हे ठरवणारा फासा, टाकायला सांगितले. पुढे लढाई झाली, नाकेदार जखमी होऊन झाडीत पळाला, पेटीही ठरल्याप्रमाणे कोसळली. वहिनी त्यानंतर फासा टाकून फक्त आकडा सांगत राहिल्या. निघताना जिन्यावर त्या मला हळूच म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही आज माझं ऐकूनच घेतलं नाही.” यावर मला काही बोलता आले नाही. घरी जाताना माझ्या डोक्यातले ते दोन आकडे पार मागे पडले होते आणि हे एक वाक्य तेवढे उरले होते.

तयारी कमी पडली म्हणून ते घडले नव्हते. वहीत सात पाने भरलेली होती. मीच तिथे पोहोचलो नव्हतो. लहानपणी आजोबांबरोबर गल्लीतल्या विठ्ठल मंदिरात कीर्तनाला जात असे, तेव्हा आख्यान केव्हा सुरू होते एवढ्यावरच माझे लक्ष असे आणि पूर्वरंगातले अभंगाचे निरूपण मला कंटाळवाणे वाटे. पूर्वरंग संपतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात, नामाचा गजर होतो आणि मग उत्तररंगात कथा उभी राहते. बाजारातून, शेतातून, भांडणातून उठून आलेल्या माणसांना एका जागी आणण्याचे काम तो आधीचा तास करत असतो, हे मला त्या मार्चनंतर उमगले. भरताच्या नाट्यशास्त्रातला आख्खा पाचवा अध्याय नाटकाआधीच्या पूर्वरंगासाठीच खर्ची पडला आहे. संगीत नाटकाची नांदीही त्याच परंपरेतली आणि ते नाटक मराठीत रुजवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर तर आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. इतक्या जुन्या जाणत्या लोकांना जी गोष्ट आवश्यक वाटली, तिच्यावाचून आपले चालेल असे मी धरून चाललो होतो.

आता शनिवारी काम संपल्यावर मी थेट शहापूरला जात नाही. वाटेत कपिलेश्वराच्या तळ्याशी गाडी लावून दहा मिनिटे बसतो. फोन बंद करून खिशात ठेवतो आणि दिवसातली जी गोष्ट अजून डोक्यात घोळत असेल ती एका कागदावर एका ओळीत लिहून तो कागद गाडीच्या डिकीत टाकतो. सोमवारी तो कागद मला लागतोच, त्यामुळे हा काही देखावा नाही. लिहून ठेवलेली गोष्ट मन पुन्हा पुन्हा चाचपत नाही, एवढाच माझा अनुभव आहे. पाऊस असला तर देवळाच्या आडोशाला उभा राहतो. बेळगावचा पाऊस जून ते सप्टेंबर कोणाचेच वेळापत्रक जुमानत नाही, पण त्यामुळे ही दहा मिनिटे मी कधी सोडलेली नाहीत.

त्यानंतर वही उघडतो, पण पुढच्या पानांकडे पाहत नाही. मागच्या सेशनचे शेवटचे पान वाचतो आणि प्रत्येक पात्राविषयी स्वतःला एकच गोष्ट विचारतो, की याचे काय अडून राहिले आहे? खानापूरहून येणाऱ्या मित्राच्या लोहाराला घराकडून आलेले पत्र अजून फोडायचे धैर्य झालेले नाही. शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणीच्या पहारेकरणीने एका मेलेल्या सोबत्याला दिलेला शब्द पाळलेला नाही. हे इतके मनात असले की पुढे काय घडेल याची मला फारशी चिंता उरत नाही. मी परिस्थिती मांडायची तयारी करतो, घटना ठरवून ठेवत नाही. नाका, धुके, नाकेदार आणि त्याचा आजारी मुलगा ही परिस्थिती झाली. पेटी दरीत पडणार ही घटना झाली आणि ती ठरवायचा अधिकार एकट्या माझा नव्हता.

खेळाडूंनाही मी माडीवर आल्या आल्या एकच प्रश्न विचारतो: “आज तुमच्या पात्राला काय कळून घ्यायचं आहे?” काय करायचे आहे असे मी मुद्दाम विचारत नाही. करायचे ठरवून आलेला माणूस इतरांच्या बोलण्यात फक्त आपली पाळी शोधतो, कळून घ्यायला आलेला माणूस आपसूक कान देतो. या प्रश्नाचे उत्तर मोठ्याने द्यायचे असते, म्हणजे बाकीच्यांनाही ते ठाऊक होते आणि खेळाच्या ओघात कोणीतरी दुसराच ते दार उघडून देतो.

भाषेचा मुद्दा आमच्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. आमच्या टेबलावर नियम इंग्रजी शब्दांत चालतात, थट्टामस्करी मराठीत होते आणि वहिनींचे माहेर गोकाककडचे असल्यामुळे त्यांचे स्वतःशी पुटपुटणे कानडीत असते. पहिले काही महिने आम्ही सगळेच पात्रांना पुस्तकी मराठीत बोलायला लावत होतो आणि ती पात्रे पुठ्ठ्याची वाटत होती. एके दिवशी खानापूरच्या मित्राने लोहाराला आपल्या आज्याच्या बोलीत बोलते केले. “करून देतो खरं, भाता आज दम धरंना बघा,” असे तो म्हणाला आणि सगळे टेबल त्याच्याकडे वळले. आपल्याकडे ‘पण’च्या जागी ‘खरं’ येते हे बेळगावकराला सांगायला नको. त्या एका शब्दाने तो लोहार ऐरणीपाशी उभा असलेला दिसला. तेव्हापासून खेळाआधी प्रत्येकाने आपल्या पात्राच्या तोंडचे एक वाक्य, कोणत्याही भाषेत, म्हणून पाहायचे असे आम्ही ठरवले. वहिनींची वैद्य रोग्याशी कानडीत बोलते. मला कानडी कळते, शाळेतल्या मैत्रिणीला अर्धीमुर्धी कळते; न कळलेले विचारून घेण्यात दोन पात्रांची ओळख वाढते आणि तेही खेळाला उपयोगीच पडते.

फाशाविषयीही मनाची तयारी करावी लागते, कारण आमच्यात बहुतेक भांडणे त्यावरूनच होत. वीस बाजूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याची शक्यता ५ टक्के असते. एका रात्री एखाद्याने वीस वेळा फासा टाकला, तर त्याला निदान एकदा तरी १, म्हणजे सर्वांत वाईट आकडा, पडण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के असते. जिथे यश आणि अपयश निम्मे निम्मे आहे, तिथे सलग तीन वेळा फसण्याची शक्यताही साडेबारा टक्के, म्हणजे आठांत एक आहे. हे आकडे ठाऊक असले की वाईट फासा हा अन्याय वाटत नाही. मी प्रत्येकाला एवढेच सुचवतो की आपले पात्र हरले तर कसे हरेल, ओरडेल की गप्प होईल की हसेल, याचा विचार घरून करून या. ज्याने हा विचार केलेला असतो, त्याचा १ पडला की टेबलावर काहीतरी नवे घडते. ज्याने केलेला नसतो, तो फाशाला शिव्या देतो आणि पुढची दहा मिनिटे वाया जातात.

शेवटची गोष्ट सांगायला थोडी अवघड आहे. ही कथा सुरू करण्यापूर्वी आम्ही सेशन झीरो घेतला होता, म्हणजे न खेळता नुसते बसून कोणाला काय चालेल आणि काय नको हे बोलून घेतले होते. टेबलाच्या मधोमध ‘एक्स’ लिहिलेले एक पोस्टकार्ड असते. जॉन स्टाव्ह्रोपोलस यांनी सुचवलेल्या या पद्धतीत कोणीही त्या कार्डाला हात लावला की चालू प्रसंग तिथेच सोडून द्यायचा असतो आणि कारण विचारायचे नसते. तरीही सगळे आधी बोलून होत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेचे पाणी चढले तेव्हा वहिनींच्या माहेरच्या घरात ते कंबरेइतके होते, हे मला माहीत असूनही एका पावसाळी शनिवारी मी कथेतल्या गावात पूर आणला. मी चढत्या पाण्याचे वर्णन करत असताना वहिनींचा हात कार्डावर गेला. मी वाक्य अर्धेच सोडले, पूर काढून टाकला, गावात त्या दिवशी जत्रा आहे असे म्हटले आणि खेळ पुढे गेला. त्यानंतर तळ्याशी बसताना मी आणखी एक गोष्ट आठवून पाहतो, की आज येणारी माणसे कोणकोणत्या दिवसातून उठून येत आहेत. कोणाच्या घरी आजारपण आहे, कोणाच्या मुलाचा निकाल लागायचा आहे, कोणाची बदली अडली आहे. गेम मास्टरने जग रचण्याआधी ही माणसे डोळ्यांसमोर आणली पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या शनिवारी मी माडीवर पोहोचलो तेव्हा दोन माग अजून चालू होते. वहिनींनी चहा आणि कुंद्याची बशी ठेवली, लोहाराने आपले वाक्य म्हणून पाहिले, पहारेकरणीने आपले फासे रंगांप्रमाणे लावले. शेवटचा माग थांबला, पेल्यातले पाणी स्थिर झाले आणि मी नेहमीचा प्रश्न विचारला. वहिनी सर्वांत शेवटी बोलल्या. मार्चनंतर त्यांनी त्या नाक्याचे नाव एकदाही काढले नव्हते.

“मला एवढंच कळून घ्यायचंय भाऊजी,” त्या म्हणाल्या, “त्या नाकेदाराच्या मुलाचा ताप उतरला का?”

माझ्या वहीत याचे उत्तर नव्हते. मी ती मिटून बाजूला ठेवली आणि तुमची वैद्य आत्ता कुठे उभी आहे, असे त्यांनाच विचारले.